जिवंत रोपांचा रकाना : खानापूर ते निपाणी, पाच दिवस

सोमवार

सकाळी सातला बेळगाव सोडलं. टिळकवाडीत दाटलेलं धुकं थेट खानापूरपर्यंत सोबतीला होतं. गाडीत आम्ही तिघं: मी, धारवाडहून आलेले माझे सहकारी आणि आमचे ड्रायव्हर मामा. सहकाऱ्यांची घरची भाषा कन्नड, मराठी त्यांना कळते पण बोलताना ते अजून शब्द शोधतात. मागच्या सीटवर टेप, दोरी, खुंट्या, कुदळ आणि चार पानांचा छापील तक्ता. एका देणगीदार संस्थेनं गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात गावानं राखलेली रानं आणि शेतातली झाडं यांसाठी पैसा दिला होता. त्यातून जमिनीवर काय उभं राहिलं ते बघून सांगायचं, एवढं आमचं काम. गावांची नावं मी इथं लिहिणार नाही. लोक आमच्याशी मोकळं बोलले. त्या बोलण्याचा जाब विचारायला कुणी त्यांच्या दारात उभं राहू नये.

नंदगडजवळ मामांनी न सांगता गाडी थांबवली. कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याला २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी इथं वडाला फाशी दिली. वडाखाली कन्नड बोलणारी माणसं होती, मराठी बोलणारीही होती. पाच मिनिटं थांबलो. या झाडाभोवती राखणदार नेमायची पाळी कधी आली नसेल, असं मनात आलं आणि दिवसभर ते सुटलं नाही.

पहिलं गाव जंगलाला खेटून आहे. गावाच्या वरच्या बाजूच्या उघड्या टेकडीवर ग्राम अरण्य समितीनं लावलेलं रान. या समित्यांचं मूळ १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत आहे. जून १९९० मध्ये केंद्रानं गावाला सोबत घेऊन वनं राखायचं पत्रक काढलं आणि एप्रिल १९९३ मध्ये कर्नाटकानं आपला आदेश काढला. त्या आदेशाप्रमाणं, जिथं झाडांची सावली पाव जमिनीपेक्षाही कमी उरली आहे, असं उजाड वन गावानं राखायचं, चराई आणि तोड आवरायची, आणि पुढं जे उत्पन्न येईल त्यातला निम्मा वाटा समितीचा. चिटणीस मात्र वनखात्याचा माणूस, आणि बँकेचं खातं गावचा अध्यक्ष व तो यांच्या जोडसहीचं.

टेकडीवर आम्ही दोरी मारली. १७.८४ मीटर लांबीची दोरी मधल्या खुंटीला बांधून गोल फिरलं की हजार चौरस मीटर होतात, म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. तीन बाय तीन मीटरवर खड्डे काढले असतील तर एवढ्या गोलात १११ खड्डे सापडले पाहिजेत. खड्डे जवळजवळ सगळे सापडले, अगदी ओळीत. खड्ड्यांतली झाडं ही वेगळी गोष्ट. कुठं दहातली सहा उभी, कुठं आठ. आणि उभी असलेली बहुतेक सगळी आकेशियाची.

या आकेशियाबद्दल जरा थांबून लिहायला हवं. झाड ऑस्ट्रेलियाकडचं. त्याचं जे पान आपल्याला दिसतं ते खरं पान नव्हे, चपटा झालेला देठ. चिवट असतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून ते जगतं. त्याच कारणानं गुरांना त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि खाली पडलेला पाला लवकर कुजत नाही, त्याच्या थराखालून गवत वर येत नाही. आमच्या तक्त्यात ‘जिवंत रोपांची टक्केवारी’ हा सगळ्यात ठळक रकाना आहे. गुरांनी कुरतडलेला आवळा तिथं शून्य धरला जातो, गुरांनी हुंगून सोडलेली आकेशिया एक धरली जाते. म्हणजे गावाच्या कमीत कमी उपयोगाचं झाड कागदावर सगळ्यात हुशार ठरतं. वर्षानुवर्षं असे तक्ते भरले गेले आणि पुढच्या वर्षीची रोपं त्यांवरूनच ठरत गेली.

पण सगळं तितकं सरळही नाही. लाकडांची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “आकेशिया बरी की अक्का. धूर कमी, आच लै. पयल्यांदा लांबच्या डोंगरापत्तोर जायाचो, आता हितंच भागतंय.” दोन तासांची वणवण अर्ध्या तासावर आली असेल तर ते मी खोडून टाकणार नाही. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

उताराला लागल्यावर सहकाऱ्यांनी हाक मारली. दगडी गडग्याच्या आतल्या बाजूला एकही खड्डा नव्हता, लावणीच झाली नव्हती. तिथं ऐन, किंजळ, नाना आणि जांभळाचे जुने बुंधे फुटले होते. कुऱ्हाडीखाली कितीदा आलेली झाडं, पण मुळं जिवंत. चार-पाच वर्षं गुरं आणि आग लांब ठेवल्यावर फुटवे माणसाच्या दीडपट उंच झालेले. पायाखाली मुरडशेंग, करवंद, शिकेकाईची वेल. आत शिरलं की हवा गार लागली. रोप नाही, खड्डा नाही, म्हणून खर्च जवळजवळ फक्त राखणदाराचा. आणि त्यामुळंच तक्त्यात त्याला जागा नाही! लावलेल्या झाडाचीच मोजणी होते, राखलेल्या झाडाची नाही. आम्ही तिथंही दोरी मारली आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, एकेका फुटव्याचा घेर घेतला. छापील कागदात तो कुठं बसवायचा ते रात्री बघू म्हटलं.

संध्याकाळी देवळासमोर बैठक झाली. पुरुष कट्ट्यावर, बायका खाली पायरीच्या कडेला. अध्यक्षांनी समितीचं ठरावबुक आणलं. लाल कापडी बांधणी, आत सुबक कन्नड अक्षर. पानोपानी खाली अंगठे आणि मराठीतल्या सह्या. मी विचारलं, यात काय लिहिलंय ते कुणाला ठाऊक आहे? कट्ट्यावर चुळबुळ झाली. गाव मराठी बोलणारं. तरणी पोरं आता शाळेत कन्नड शिकतात, पण ठरावबुक वाचायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मग आम्ही एक केलं. सहकारी एकेक ठराव कन्नडमध्ये वाचत, मी तो मराठीत सांगे. अमुक तारखेला चराईबंदी ठरली. अमुक तारखेला गवताचा लिलाव. निम्म्या वाट्याचं कलम आलं तेव्हा पायरीवरच्या एक आजी पुढं सरकल्या. “परत वाचा,” म्हणाल्या. परत वाचलं. “ह्यो वाटा आमचा पन हाय?” घरटी एक पुरुष आणि एक बाई अशी सभासद नोंद होती, आणि आजींचं नाव त्या यादीत होतं. त्यांना ते आज कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या हिशेब करत होत्या, किती वर्षं झाली ते बोटांवर मोजत होत्या.

बैठक साडेनऊपर्यंत लांबली. ठरावबुक वाचून संपलं नाही. दोन कॉलेजातल्या मुलींनी सांगितलं, दर अमावास्येला आम्ही एकेक पान वाचून दाखवू. मला वाटतं, या पाच दिवसांत आमच्या हातून काही काम झालं असेल तर ते हे.

मंगळवार

जांबोटीवरून कणकुंबीच्या वाटेला लागलो की हवेचा वास बदलतो. काजूचा मोहोर आला होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तो आंबटगोड दरवळ. खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग पावसाचं माहेर. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. ओंजळीत पाणी घेतलं. इथून ती पूर्वेला वळते आणि पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच तालुक्यातून म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. आभाळ तेच, डोंगर तोच, आणि पाणी दोन समुद्रांना. इथलं एक रान उघडं पडलं तर दोन राज्यांच्या विहिरींना ते कळतं.

दक्षिणेला भीमगड अभयारण्य. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आतल्या वाड्यांचे प्रश्न फार मोठे आहेत आणि आमच्या कामाच्या कक्षेबाहेरचे. एवढंच लिहिते: वनहक्क कायदा २००६ चा आहे, पण आदिवासी नसलेल्या वनवासी कुटुंबाला त्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. ज्या घराचा कागद पुरात आणि वाळवीत गेला, त्या घरानं ७५ वर्षं कशानं सिद्ध करायची? एका वाडीतल्या काकांनी मला आजोबांनी लावलेला फणस दाखवला. “ह्योच आमचा कागद,” म्हणाले. आम्ही त्याचा घेर घेतला. त्यांनी तो आकडा माझ्याकडून एका चिठ्ठीवर लिहून मागितला. मी लिहून दिला, खाली तारीख आणि सही घातली. त्या चिठ्ठीला कुठल्या कचेरीत किंमत येईल की नाही, मी सांगू शकले नाही, आणि तसं त्यांना स्पष्ट बोलले.

दुपारी दोघा भावांची काजूबाग बघितली. चढाची लाल माती, सात बाय सात मीटरवर वेंगुर्ल्याची कलमं. अशानं हेक्टरी दोनशेच्या आसपास झाडं बसतात. पहिली तीन वर्षं मधल्या पट्ट्यांत नाचणी घेतली, बांधाला मेसाची, म्हणजे बांबूची, बेटं. याला शेती म्हणायचं की वन, असला प्रश्न त्यांना पडत नाही. काजू बी चंदगड आणि बेळगावच्या कारखान्यांना जाते. धाकट्याची मुलगी बेळगावात नर्सिंग शिकते, वसतिगृहाचे पैसे काजूतून आणि मेसाच्या काठ्यांतून. पूर्वी केंद्राच्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, स्वतःच्या रानातला तोडून न्यायचा तरी पासाची भानगड. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू केंद्राच्या त्या व्याख्येतून निघाला. थोरले भाऊ म्हणाले, तवापासनं बेटाला खत घालायचं मन होतंय.

बागेचा खालचा तुकडा काळा पडला होता. मागच्या मार्चमध्ये शेजारच्या कुरणाला कुणीतरी कोवळं गवत यावं म्हणून काडी लावली, वारं फिरलं. चाळीसभर कलमं गेली. या वर्षी त्यांनी फेब्रुवारी लागायच्या आतच दहा हात रुंद जाळपट्टा काढलाय. योजनेच्या अंदाजपत्रकात रोप आहे, खड्डा आहे, खत आहे, आगीपासून राखणीचा खर्च मात्र फक्त पहिल्या वर्षाचा आहे. आग तर दर वर्षी येते.

परत येताना एका देवराईपाशी थांबलो. वहाणा बाहेर काढल्या. गावकरांनी सांगितलं, इथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही. टेप आम्ही गाडीतच ठेवली. आतल्या एका जांभळाला तिघांनी कवळा घातला तरी हात पुरले नाहीत. नुसतं उभं राहिलो. देवराईच्या तोंडाशी मात्र सिमेंटचं नवं देऊळ उठतंय आणि त्याच्या अंगणासाठी सहा मोठी झाडं गेली आहेत. बुंधे ताजे होते. गावकर त्यांच्याकडे बघत नव्हते, मीही विषय काढला नाही. आता लिहिताना वाटतं, काढायला हवा होता.

बुधवार

दिवस बेळगावात. सकाळी फायली, दुपारी एक रोपवाटिका.

कर्नाटकात २०११-१२ पासून कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे. शेतकऱ्यानं खात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोपं न्यायची, आपल्या रानात लावायची, आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागं तीन वर्षं पैसे मिळवायचे: अलीकडच्या दरानं पहिल्या वर्षी ३५, दुसऱ्या वर्षी ४० आणि तिसऱ्या वर्षी ५० रुपये. हेक्टरी जास्तीत जास्त ४०० रोपं. मला ही योजना मनापासून आवडते, कारण ती लावण्याला पैसे देत नाही, जगवण्याला देते. आमची देणगीदार संस्था याच शेतकऱ्यांना पाण्यासाठी आणि कुंपणासाठी मदत करते.

रोपवाटिकेत पाच बाय आठ इंचांच्या, सहा बाय नऊच्या आणि आठ बाय बाराच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या. काही लहान पिशव्यांत गेल्या वर्षीची उरलेली रोपं होती. उंच, दिसायला भरदार. शेतकरी हौसेनं तीच उचलतात. राखणाऱ्या बाईंनी स्वतः एक पिशवी फाडून दाखवली: मुळं तळाशी स्प्रिंगसारखी वेटोळी झालेली. असं रोप पहिल्या पावसात तरारतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बसतं, कारण मूळ खाली उतरतच नाही. “वरनं बघून घेऊ नगा म्हणून सांगतो आमी. ऐकत नाहीत,” बाई म्हणाल्या.

रात्री तक्त्याला दोन रकाने हातानं जोडले: ‘आपोआप आलेली आणि राखलेली झाडं’, आणि ‘झाड कोणाच्या उपयोगाचं’.

गुरुवार

बैलहोंगलवरून सौंदत्ती. दोन दिवसांपूर्वी पाऊल टाकलं ते लाल मातीचं हिरवं रान मागं पडलं आणि डोळ्यांपुढं काळी सपाट जमीन पसरली. ज्वारी हुरड्याला आलेली. रस्त्यानं यल्लम्माला जाणारे बैलगाडे आणि ट्रॅक्टर, कोल्हापूर-सांगलीकडच्या पाट्या, भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं, “उदे गं आई उदे”. माघी पौर्णिमेची, इकडच्या बोलीत भरत हुण्णिमेची, जत्रा. डोंगराखाली नविलुतीर्थाचं धरण, आणि त्यात तुंबलेलं पाणी मलप्रभेचं. मंगळवारी ते माझ्या ओंजळीत होतं.

या काळ्या रानात शेतातलं झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. हिला कुणी योजना दिली नाही. कुळव, औताचं साहित्य, गाडीची चाकं, शेळ्यांना शेंगा, कुंपणाला काटे. त्यातही रामकाठी बाभूळ जाणत्यांची आवडती: फांद्या वर सरळ, अंग आवळून वाढते, त्यामुळं पिकावर सावली कमी. ट्रॅक्टर आले, लाकडी औतं गेली आणि बांधावरची बाभूळ विटांच्या भट्ट्यांना विकली गेली. ज्या बांधावर ती अजून आहे, तिथं आम्ही सावलीतली आणि उन्हातली ज्वारीची कणसं तळहातावर धरून बघितली. बुंध्यापासून दोन-तीन ओळी उतरलेल्या होत्या, हे खरंच. शेतकरी ते बघूनही झाड ठेवतो, कारण भाकरी सोडायला सावली इथंच.

इथलं सगळं बोलणं कन्नडमध्ये. एका शेतकऱ्यानं दोन एकरांत हेब्बेवु आणि चंदन लावलंय. हेब्बेवु म्हणजे थोरला लिंब, सहा-आठ वर्षांत प्लायवूडला जातो. चंदनाची गोष्ट वेगळी. २००१ च्या दुरुस्तीनं कर्नाटकात स्वतःच्या जमिनीतल्या चंदनाची मालकी शेतकऱ्याकडे आली, तोवर झाड रानात उगवलं तरी ते सरकारचं. म्हणून पूर्वी चंदनाचं रोप दिसलं की लोक गुपचूप उपटत. आता लावतात. पण चंदन एकट्यानं जगत नाही. ते आपली मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांत घालून तिथून पाणी आणि खनिजं ओढतं. म्हणून सुरुवातीला शेजारी तूर लावतात. या शेतकऱ्यानं ‘स्वच्छ’ मशागतीत तूर काढून टाकली आणि दुसरं काही लावलं नाही. मेलेलं एक रोप सहकाऱ्यांनी कुदळीनं काढलं. मुळं खाली वेटोळी, भोवती सोबतीण नाही. दोन्ही चुका एकाच खड्ड्यात. शेतकरी गुडघ्यावर बसून ते मूळ बराच वेळ हातात धरून होता. त्याला रोपं देताना हे कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, मी पाणी कमी पडलं असं समजून टँकर विकत घेतला.

शेजारच्या रानात निलगिरी, उजाड, ओळीत. नवी निलगिरी लावायला राज्यानं २०१७ मध्ये बंदी घातली, ही आधीची. निलगिरीवरून या राज्यात केवढं रण पेटलं होतं ते आमच्या पिढीला माहीत नाही. १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सरकारी रोपवाटिकेतली निलगिरी उपटली. १४ नोव्हेंबर १९८७ ला तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला ‘कित्तिको-हच्चिको’ झालं, म्हणजे ‘उपटा आणि लावा’. गावाच्या चराईच्या जमिनी कागद-लगद्याच्या निलगिरीसाठी दिल्या होत्या. लोकांनी ती उपटली आणि त्या जागी आपल्याला हवी ती झाडं लावली. सहकाऱ्यांचे वडील त्या काळात धारवाडला शिकत होते, ते घरी हे सांगत. गाडीत बसल्यावर सहकारी म्हणाले, मूल्यमापन तर त्या लोकांनी केलं होतं, पंचाण्णव टक्के जगलेल्या झाडांचं.

रात्री एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, आणि गरम ज्वारीची भाकरी.

शुक्रवार

निपाणी. संकेश्वर सोडलं की पाट्या, हाका, भांडणं, सगळं मराठी. तंबाखूचं गाव. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथं महामार्ग रोखून धरला, गोळीबार झाला, माणसं गेली. जुन्या माणसांशी झाडांबद्दल बोलायला बसलं तरी बोलणं फिरून त्या दिवसांवर येतं. इथली विडीची तंबाखू उन्हात वाळते, भट्टी लागत नाही, त्यामुळं तंबाखूनं इथली झाडं खाल्ली असं म्हणता येणार नाही. झाडं खाल्ली उसानं. बांध नांगरून सरी वाढवली, बांधासोबत आंबा, लिंब, बाभूळ गेली.

सकाळी बघितलेल्या तीन शेतांत सिल्व्हर ओक आणि सुबाभूळ. का, म्हणून विचारलं. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर: तोडायला परवाना लागत नाही. १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना परवान्यातून सूट आहे. बाकीचं झाड तोडायचं तर अर्ज, पाहणी, पंचनामा, फेऱ्या. झाड वाचवायला केलेला कायदा, आणि शेतकरी त्याच्या भीतीनं जांभूळ लावायचं टाळतो. मी कायद्याच्या विरुद्ध नाही. पण आपल्या हातानं लावलेल्या, उताऱ्यावर नोंदवलेल्या झाडाचा परवाना महिन्याच्या आत मिळेल एवढी खात्री असती, तर या बांधांवर आज शिवण आणि फणस दिसले असते, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटचं शेत एका मावशींचं. ‘त्यांचं’ म्हणते, पण उताऱ्यावर नाव दिराचं. नवरा सात वर्षांपूर्वी गेला, वाटणी तोंडी झाली, कागद झाला नाही. प्रोत्साहनाचे पैसे उतारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात. रोपांना पाणी घालतात मावशी. दीर वाईट माणूस नाही, पहिल्या वर्षीचे पैसे त्यानं आणून दिले. दुसऱ्या वर्षी त्याच्या घरी आजारपण निघालं. “मागायचं कसं? त्येच्याच नावावर हाय की,” मावशी म्हणाल्या.

बांधाला शेवगा, हादगा, रामफळ, चार आंबे, दोन शिवण. शेजाऱ्याच्या बाजूच्या फांद्या छाटलेल्या, कारण सावलीवरून एकदा चावडीपर्यंत गेलं होतं. छाटलेला पाला त्यांनी शेळ्यांना घातला आणि शेजाऱ्याला शेवग्याच्या शेंगा नेऊन दिल्या. तेव्हापासून तो बोलतो.

आम्ही मोजायला लागलो तर म्हणाल्या, “थांबा, वही हाय.” घरातून मुलाची जुनी दोनशेपानी वही आणली. एका बाजूला गणितं, उलट्या बाजूनं त्यांची नोंद. प्रत्येक झाडाला ओळ. कुठल्या पावसात लावलं, कुणी दिलं, कधी पाणी घातलं. मेलेल्या झाडांच्या ओळी खोडल्या नव्हत्या. समोर लिहिलं होतं: ‘वाळवी.’ ‘म्हस घुसली.’ ‘पानी न्हाई, मी म्हायेरी.’ ‘उसाच्या आगीत.’ ज्या जागी नांगी भरली, म्हणजे मेलेल्याच्या बदली नवं रोप लावलं, तिथं जुन्या ओळीखाली नवी ओळ, नवी तारीख. आमच्याकडच्या अधिकृत यादीत तीच रोपं पहिल्या तारखेपासून जिवंत होती.

मी विचारलं, मेलेली कशाला लिहिली? त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“लिवायला नगं? लावल्याली नव्हं मी.”

सहकारी वही वाचत होते. अडलेला मराठी शब्द ते मावशींना विचारत आणि त्या सांगत. मी विहिरीच्या कठड्यावर बसून एकेक ओळ उतरवून घ्यायला सुरुवात केली. मामांनी दोनदा हॉर्न वाजवला. अजून अकरा पानं होती.